पासवर्ड सांगणाऱ्या मावशी

“म्हणजे आता मी फोनवर नुसतं सॉरी म्हणत बसू?” मावशींचा पारा चढला होता.

नोकऱ्या जुळवून देणाऱ्या त्या वेबसाइटच्या मदतकक्षात मावशी पहिल्या दिवसापासून होत्या. कुणी पासवर्ड विसरलं, की फोन मावशींना. त्या स्क्रीनवर नाव शोधायच्या आणि पासवर्ड वाचून दाखवायच्या. लोक भरभरून दुवा द्यायचे, आणि मावशींना तेवढ्यावर पोट भरल्यासारखं व्हायचं. आता नव्या प्रोग्रामर मुलीने सगळे पासवर्ड असे दळून ठेवले होते, की पिठाचा पुन्हा दाणा होणे नाही. मावशींना ते दिसत नव्हते, खुद्द तिलाही नाही. विसरलं, तर ज्याचं खातं त्याच्याच मोबाइलवर लिंक जाणार आणि नवा पासवर्ड त्यानेच घालायचा.

“मावशी, आपल्यालाच दिसत नाहीत, तर चोरणार कोण?” मुलगी म्हणाली.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” मावशी पुटपुटल्या.

तेवढ्यात फोन वाजला. नेहमीचे ते साहेब. बोलणं लोण्यासारखं मऊ. “मावशी, बायको पुन्हा पासवर्ड विसरली बघा. वेंधळीच आहे. तुम्ही आहात म्हणून तिचं निभतं.”

अशा भल्या माणसाला नाही म्हणायचं मावशींच्या अगदी जिवावर आलं. “आता आम्हाला दिसत नाही हो. वहिनींच्या मोबाइलवर लिंक पाठवते.”

“तिच्या मोबाइलवर कशाला?” साहेब खेकसले आणि त्यांनी फोन आपटला.

मावशींनी लिंक पाठवली आणि त्या मुलीकडे रागाने पाहिलं. घ्या, जोडलेलं माणूस तुटलं!

थोड्या वेळाने एका बाईचा फोन आला. आवाज दबका होता. “ताई, पासवर्ड बदलायचा मेसेज आलाय. मी तर काही मागितलं नव्हतं.”

“अहो, तुमच्या मिस्टरांनी सांगितलं. तुम्ही नेहमी विसरता ना!”

पलीकडे बाईंनी दार लोटून घेतलं.

“मुलाखतीचं बोलावणं आलं, की माझ्या खात्यातून कुणीतरी ‘येणार नाही’ असं कळवून टाकायचं. मी दर वेळी पासवर्ड बदलायचे, तरी तेच.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “मी तो कधीच विसरले नव्हते, ताई. उद्याची मुलाखत आहे ना अजून?”