‘जातो, बाबा!’
अकोल्याचे कीर्तनकार शांतवनराव दुपारपासून पेटीवर संध्याकाळच्या कीर्तनाची तयारी करत होते. येशूने सांगितलेला दोन मुलांचा दाखला होता. बापाने मळ्यात कामाला जायला सांगितलं, तेव्हा थोरला ‘नाही जात’ म्हणाला, पण मागाहून गेला. धाकटा ‘जातो, बाबा’ म्हणाला आणि गेलाच नाही.

“अवो, दवाखान्यात आंद्रियामामाले डबा देऊन या. एकटा जीव हाये, उपाशी बसले असतीन,” त्यांच्या पत्नी मार्थाबाई म्हणाल्या.

“जातो ना!” शांतवनराव म्हणाले आणि त्यांनी ‘जातो, बाबा’ची तान पुन्हा एकदा घेतली. अशी लागली की त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले.

“मी नाही जात हं! उद्या माहा पेपर हाये,” आतून लेक प्रणाली ओरडली.

संध्याकाळी चर्चमध्ये कीर्तन असं रंगलं, की म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावू लागल्या. शांतवनरावांनी चिपळ्या थांबवल्या. “आता सांगा मंडळी, बापाचं खरं ऐकलं कोनं?”

तेवढ्यात घामाघूम झालेली प्रणाली दारातून आत आली. आईशेजारी बसून तिनं रिकामा डबा खाली ठेवला.

शांतवनरावांची नजर त्या डब्यावर गेली. त्यांनी लेकीकडे हात केला. “थोरला तं हा पाहा, आत्ताच कामाहून आला.”

“अन् धाकटा, महाराज?” पुढून कोणीतरी विचारलं.

“धाकटा ना? तो कीर्तन करून राह्यला!”