कालचं कोमट

तान्ह्या ओवीच्या भाजलेल्या पावलावर पट्टी होती आणि हेरंब खुळखुळा घेऊन दारात उभा होता. ऋजुताने त्याला बस म्हटलं नाही. तिचा उजवा हात कृत्रिम होता. तसल्या हातांची ॲप्स ती लिहायची. हाताच्या आतली कर्नेल, म्हणजे बोटांतल्या सेन्सरकडून तापमानाचा आकडा घेऊन ॲपला देणारी मूळ प्रणाली, हेरंब लिहायचा.

"सेन्सर बंद पडला होता," तो म्हणाला.

"ते कळलंय मला. मग माझ्या ॲपला 'माहीत नाही' असं उत्तर का नाही आलं?"

"आधी तसंच यायचं. पण तेवढ्याने काही ॲप्स बंद पडायची, लोक वैतागायचे. म्हणून आता आम्ही आधीचाच आकडा पुढे पाठवतो."

"आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही."

"आकडा त्याच जागी, त्याच स्वरूपात येत होता ना. तुझं काही बिघडणार नव्हतं."

ऋजुताच्या मस्तकात तिडीक गेली. सकाळी नेहमीसारखा बादलीत उजवा हात घालून, बोटांना पाणी कोमट लागल्यावरच तिने लेकीच्या पायावर पहिला तांब्या ओतला होता.

ती आत गेली आणि गॅसवरचं पातेलं आणून तिने त्याच्यापुढे आदळलं.

"घाल हात."

"अगं, वाफा येताहेत."

"काल याच पातेल्यातलं पाणी कोमट होतं. तोच आकडा धर आणि घाल."

हेरंबचा हात पुढे आला नाही. तो मागे सरला, तेवढा खुळखुळा वाजला.