करंगळीचा स्लॅब

परदेशात पत्रे कापायच्या मशीनवर थोरल्याची डाव्या हाताची करंगळी गेली. कंपनीने भरपाई दिली, ती त्याने होती तशी घरी पाठवून दिली. इतकी वर्षं पोटाला चिमटा काढून पाठवलेल्या पगाराने जे जमलं नव्हतं, ते त्या एवढ्याशा बोटाने करून दाखवलं. घरावर स्लॅब टाकून झाला.

सुटीच्या दिवशी धाकट्याने मोबाइलवर सगळं फिरून दाखवलं. आईने डोळ्यांना पदर लावला. धाकटा म्हणाला, "दादा, आता फक्त वरचा मजला राहिला बघ."

आणि कधी नव्हे ते बापाने फोन मागून घेतला. पैसे मिळाल्याचं सांगण्यापलीकडे हा माणूस त्याच्याशी कधी चार शब्द बोलला नव्हता.

"हात दाखव बघू."

थोरल्याला भरून आलं. इतके दिवस खिशात लपवलेला हात त्याने कॅमेऱ्यासमोर धरला. बापाने चष्मा पुसून तो नीट निरखला.

"दुखतं का रे?"

"नाही बाबा. आता काहीच वाटत नाही."

बापाने मान डोलावली. मग आवाज बारीक करून विचारलं,

"अंगठ्याचे किती देतात?"