जबड्यातलं कुरण

जोगेश्वरीची पालखी देवळाच्या पायरीशी सजून बसली होती. तुतारी झाल्याशिवाय ती उचलायची नाही, ही गावाची रीत. सटवाजी गुरवानं तुतारी ओठांना लावली आणि त्याची बायको गजरा त्याच्या जबड्याकडे बघत राहिली.

कर्करोगानं त्याचा अर्धा जबडा नेला होता. त्या जागी बसवलेली धातूची पट्टी अंगानं दोनदा परकी म्हणून झिडकारली. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी काचेसारखा ओतलेला धातू बसवला. त्याच्यावर त्याच धातूच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या काड्यांचं कुरण उगवलेलं होतं. "हाड या कुरणात मुळं धरेल," त्या म्हणाल्या होत्या, "मग खुशाल फुंका."

सटवाजीनं फुंकलं. आवाजच आला नाही.

"राहू द्या तात्या," समोर उभे असलेले सरपंच हळूच म्हणाले. "रेकॉर्ड आणलीय, भोंग्यावर लावू."

सटवाजीचा चेहरा उतरला. तेवढ्यात गजराला आठवलं. सराव शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यानंच तुतारीच्या कर्ण्यात तिच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला होता.

"अवो, बोळा! माझं लुगडं आतच ऱ्हायलंय!"

"मग बघच आता," म्हणत सटवाजीनं जबडा आवळला आणि होतं नव्हतं ते बळ लावलं.

बोळा उडून सरपंचांच्या फेट्यावर बसला. मागोमाग तुतारी गर्जली, तिचा आवाज टेकडीला भिडून परत आला, आणि हसत-ओरडत लोकांनी पालखी खांद्यावर घेतली.

गजरानं त्याच्या गालाला हात लावला. "दुखलं का वो?"

"आपलंच हाड हाय आता ते," सटवाजी म्हणाला, आणि त्यानं पुन्हा फुंकलं.