कानातला आवाज

या, असे जवळ सरका. मायलेकींची गोष्ट आहे. ती लांबून ऐकायची नसते.

काचेमागे एक ताई बसायच्या. काच अशी, की ताईंना खोलीतलं सगळं दिसे, खोलीतल्यांना मात्र तिच्यात आपलंच तोंड. ज्या घरात लेकरावर हात उठला, तिथल्या आईबापांना ताई लेकराशी खेळताना निरखत, आणि लेकरू परत घरी धाडायचं की नाही ते ठरवत. आईच्या कानात शेंगदाण्याएवढं यंत्र असे. त्यातून ताई हळूच सांगत, "आता शाबासकी द्या. आता आवाज खाली."

पोर पाच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. आईने रागात भिरकावलेल्या उलथन्याने तिचं कपाळ फुटलं, तेव्हापासून ती परक्या घरी वाढत होती. आई दर आठवड्याला इथे येई आणि कानातला आवाज सांगेल तसं मुकाट वागे.

आज निकाल होता. ताईंचा जीव वरखाली होत होता. बाई गुणाची झाली खरी. पण स्वतःच्या पायांवर चालतेय की माझ्या कुबडीवर? घरी हिच्या कानात कोण बोलणार, देवा?

आत भिंगरी आईच्या मांडीवर चढली. केसांशी खेळता खेळता तिच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. आई दचकली, मग तिने हळूच मान डोलावली. भिंगरीने आईच्या कानावरचे केस सारखे केले, मग ती खाली उतरली आणि मोजा वर ओढून चित्र रंगवायला बसली.

"चित्राचं कौतुक करा," ताई म्हणाल्या.

"हा हत्ती आहे की आपला घरमालक?" आईने विचारलं.

भिंगरी खुदकन हसली. आज बाईंचं लक्ष कुठंय, ताईंना वाटलं.

तेवढ्यात रंगाचं पाणी कलंडलं, थेट आईच्या कोऱ्या कपड्यांवर. आईचा हात वर गेला.

"हात खाली, बाई. श्वास घ्या."

भिंगरीने डोळे मिटले नाहीत. टक लावून त्या हाताकडे बघत राहिली. हात खाली आला आणि तिच्या केसांवरून फिरला.

"असू दे गं, राणी. फडकं आण, दोघी मिळून पुसू."

ताईंनी डोळे टिपले. पण मन मानेना. हात उतरला तो माझ्या आवाजाने. 'अजून सहा महिने थांबा' हे सांगायला त्या जड पावलांनी आत गेल्या.

"बाई, आज माझं ऐकून तुम्ही हात आवरलात, पण—"

"तुमचं आज ऐकूच आलं नाही, ताई," आई ओशाळून म्हणाली. "हिने हट्टच धरला, ते कानातलं काढू दे म्हणून."

भिंगरीने मोज्यातून यंत्र काढून ताईंच्या तळहातावर ठेवलं. मग त्यांना खाली वाकायची खूण केली आणि कानाशी तोंड नेलं.

"पाणी मी मुद्दाम सांडलं. आईला सांगू नका हं."

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा भिंगरीची आठवण असू द्या, एवढंच मागणं.