बाबा पडले होते

भास्कररावांचं विसरणं सुरू झालं, तेव्हा सगळेच म्हणाले, वय झालं, त्यात दवाखान्यात काय दाखवायचं! चहाचा कप खाली ठेवून पुन्हा चहा मागायचे. तात्यापारा वस्तीतल्या आपल्याच घरात बसून 'चला, आता घरी जाऊ' म्हणायचे. एक गोष्ट मात्र रोज सांगायचे, "कुमुद, मी न्हाणीत पडलो होतो न, तेव्हापासून डोकं ठणकून राहिलं माझं."

न्हाणीत पडले होते ते त्यांचे वडील, फार वर्षांपूर्वी. कुमुदताई दर वेळी मायेनं समजवायच्या, "अहो, तुम्ही काहून पडता? बाबा पडले होते न!"

शेवटी शेवटी ते स्वतःच म्हणायला लागले, "मी नाही पडलो. बाबा पडले होते." निदान एवढं तरी यांच्या ध्यानात राहिलं, म्हणून कुमुदताईंनी त्या दिवशी शिरा केला होता.

ते गेल्यावर त्यांनी मन घट्ट केलं आणि भास्कररावांचा मेंदू संशोधनासाठी दिला. या आजाराचं मूळ सापडलं, तर दुसऱ्या कुणाच्या घरी ही वेळ येणार नाही.

काही महिन्यांनी संशोधन केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"काकू, काकांना विसरण्याचा आजार नव्हताच. डोक्याला मार बसून आत रक्त साकळलं होतं. वेळेवर काढलं असतं, तर बहुतेक बरे झाले असते."

पलीकडून हळूच प्रश्न आला,



"काका कधी पडले होते का?"