‘तहान’चा पहिला प्रयोग

खुर्च्या मुद्दामच ठेवल्या नव्हत्या. प्रेक्षकानं बसायचं नसतं, वाहायचं असतं, असं दिग्दर्शिका आकांक्षाताईंचं म्हणणं. वासुदेवरावांच्या गुडघ्यांना वाहणं जमेना, म्हणून समोरच्या चहाटपरीवरून एक प्लास्टिकची खुर्ची मागवून त्यांना कडेला बसवलं होतं. कलाकाराचे वडील म्हणून सीलबंद पाण्याची एक बाटलीही हातात दिली होती. शेजारी खाली त्यांची बहीण सीताबाई, भाच्याचा नाच पाहायचा म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली.

हिंगणघाटच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम. बाहेर फलक होता: ‘तहान – देह, माती आणि प्रकाश यांचा संवाद’. पुण्या-नागपुराहून जाणकार आले होते. जाणकार असल्यामुळे ते अंधारातही मान हलवत होते.

अंगभर काळी माती फासून रजत आला आणि जमिनीवर पडला. पडूनच राहिला.

“भाऊ, पोराले फीट त नाई आली?” सीताबाईनं हळूच विचारलं.

वासुदेवराव म्हणाले, हाच नाच आहे. सीताबाईनं पुन्हा नीट पाहिलं. एवढ्यासाठी पुण्याले कायले जा लागते, असं ती पुटपुटली.

वासुदेवराव मातीकडे पाहत होते. शेतात डवरणीला ये म्हटलं की या पोराच्या पोटात दुखायचं. मातीत पाय घालायचा त्याला तिटकारा. आज तीच माती त्यानं शेतातून पोतंभर मागवली होती. चाळून.

मग भिंत उजळली आणि भिंतीएवढी जयवंताबाई दिसू लागली.

वासुदेवराव खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. घरची ओसरी, तीच बाज, तीच गोधडी. बायकोचे ओठ सुकून पांढरे पडलेले. तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “रजत, पानी दे रे.”

चित्र क्षणभर थांबलं आणि मागे गेलं. “रजत, पानी दे रे.” पुन्हा मागे. कुणीतरी कुशल माणसानं तिच्या आवाजाला विहिरीतल्यासारखा घुमारा दिला होता. दर हाकेला रजत मातीत एक झटका देई आणि ढोलावर एक थाप पडे.

त्या दिवशी वासुदेवराव तिचं औषध आणायला सेवाग्रामला गेले होते. परतले तेव्हा तिला बाजेवरून खाली घेतलं होतं. आई शांतपणे गेली, एवढं रजतनं सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी दोन वर्षं काढली होती.

सीताबाईनं पदर तोंडात धरला. पलीकडे एक दाढीवाले डोळे मिटून म्हणाले, पुनरावृत्तीतच खरी वेदना असते. शेजारच्यानं ते मान्य केलं.

प्रयोग संपला. भिंतीवर जयवंताबाईचं तोंड अर्धवट उघडं तसंच राहिलं, आणि चर्चा सुरू झाली. एकानं विचारलं, ही तहान भूमीची की देहाची? रजत म्हणाला, दोघांची. एका बाईंना चित्राचा कललेला कोन फार आवडला होता. तो योगायोग होता का? योगायोग नव्हता. फोन मुद्दाम जरा तिरपा धरला होता, रजतनं नम्रपणे सांगितलं. टाळ्या पडल्या.

वासुदेवरावांनी हात वर केला. आकांक्षाताईंनी स्वतः माइक नेऊन दिला.

“बापू,” ते रजतला म्हणाले, “मंग तुनं देलं का तिले पानी?”

रजतनं भुवईवरची माती पुसली.

“बाबा, क्लिप तिथंच संपते.”

“वा,” दाढीवाले म्हणाले. आकांक्षाताई कुणाला तरी सांगत होत्या की पुण्याच्या पोस्टरवर हेच वाक्य घ्यायचं.

वासुदेवराव उठले. गुडघे धरत, माती तुडवत भिंतीपाशी गेले आणि बाटलीचं सील फोडलं. जयवंताबाईचं तोंड फार उंचावर होतं. टाचा उंचावूनही त्यांचा हात तिच्या हनुवटीपर्यंतच पोचला. तिथंच त्यांनी बाटली टेकवली आणि ओतत राहिले. चुन्यावरून ओघळ खाली आला आणि काळ्या मातीत जिरला. सगळी बाटली संपेस्तोवर ते तसेच उभे होते.

मागे सगळे उठून उभे राहिले होते. एवढ्या टाळ्या रजतलाही मिळाल्या नव्हत्या. आकांक्षाताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. काका, पुण्याला याल ना, त्यांनी विचारलं. एवढंच करायचं, याहून जास्त काही नाही. दाढीवाल्यांचं मत पडलं की वडिलांचा प्रवेश शेवटीच असावा, चर्चेत नको.

वासुदेवराव येऊन खुर्चीत बसले. घशाला कोरड पडली होती. बाटली उलटी करून पाहिली, थेंब नव्हता.

रजत लगबगीनं समोर आला. माती लागू नये म्हणून रुमालात गुंडाळून ठेवलेला फोन त्यानं सोडवला. बाबा, मघाचं राहून गेलं, तो म्हणाला, रेकॉर्डिंग बंद होतं.

वासुदेवरावांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

“रजत,” ते म्हणाले, “पानी दे रे.”

रजतनं फोन जरा तिरपा धरला.